गळ्याजवळचा रंग

चि. मुक्ता हिस,


तुझं पत्र वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. साखरपुड्याची साडी घ्यायला गेलीस, तर दुकानदाराने काही न विचारता पिस्ता, क्रीम आणि फिकट गुलाबी साड्यांचा ढीग तुझ्यापुढे टाकला. बरोबरच्या बायकाही म्हणाल्या, "सावळ्या रंगाला गडद नको गं, आणखी काळी दिसशील." आणि तू काहीही न घेता घरी आलीस. बरं केलंस.

आपल्याकडे साडी खांद्यावर टाकली की पहिला प्रश्न ठरलेला, "यात उजळ दिसते का?" तो प्रश्नच मनातून काढून टाक. ब्लाऊज शिवण्यात माझी उभी हयात गेली. आरशापुढे बाई उभी राहिली की मी एवढंच बघते, की नजर आधी चेहऱ्यावर जाते की कापडावर. चेहऱ्यावर गेली तर तो रंग तिचा.

हे बघायची जागा दुकान नव्हे. सकाळी गॅलरीत जा, ऊन थेट अंगावर नको, नुसता उजेड हवा. तोंड धुतलेलं, पावडर-लिपस्टिक काही नाही, केस मागे बांधलेले. कपाटातल्या साड्या, ओढण्या, आईच्या जुन्या साड्यासुद्धा, एकेक करून हनुवटीखाली धर आणि कापडाकडे अजिबात बघू नकोस. डोळ्यांखालची वर्तुळं बघ, ओठांच्या कडा बघ. न शोभणारा रंग धरलास की तीच वर्तुळं गडद होतात, ओठांची कड पुसट होते, रात्रभर जागल्यासारखा चेहरा दिसतो. शोभणारा रंग आला की डोळे आधी दिसतात. ओळीने बऱ्याच साड्या धरल्यास की हा फरक तुझा तुलाच कळेल.

असं का होतं, त्याचं कारण फार सुंदर आहे. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात भिंतीवर टांगायचे चित्रांचे पडदे विणत असत. तिथल्या रंगविभागाचा प्रमुख शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. काळ्या धाग्याचा रंग फिका उतरतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं, तर रंगात काहीच खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा कमजोर भासत होता. शेजारी काय आहे त्यावर रंगाचं दिसणं ठरतं, हे त्याने १८३९ सालच्या ग्रंथात सविस्तर मांडलं आणि कुठल्या वर्णाला कुठले कपडे शोभतात, याचाही त्यात विचार केला. आपल्या गळ्याजवळ तेच घडतं. शिवाय कापडावरून परतलेला उजेड हनुवटीवर आणि मानेवर पडतो, तो वेगळाच.

तुझ्या बाबतीत रंगाइतकीच त्याची गडद-फिकी पातळी महत्त्वाची. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या द्यायची तेव्हा पडदा कृष्णधवल होता. साडीचा रंग कुणाला कळतच नव्हता, तरी तो सावळा चेहरा लोकांच्या मनात राहिला. तू फोनवर स्वतःचा फोटो काढ आणि तो कृष्णधवल करून बघ. कापड आणि चेहरा एकाच करड्या पातळीवर आले असतील, तर ती साडी बाजूला ठेव. खाकी, मातकट, मध्यम तपकिरी रंग तुझ्यावर हरवतात ते म्हणूनच. पिस्त्याची अडचण वेगळी आहे. तो फिकट आहे एवढ्याने बिघडत नाही, पण त्यात राखाडी मिसळलेली असते आणि ती राख तुझ्या कातडीवर उतरते. स्वच्छ पांढरा रंग तुला फार छान दिसेल, हे मी खात्रीने सांगते. तसेच डाळिंबी, किरमिजी, मोरपंखी, गडद निळा आणि हळदीचा पिवळा. पंढरीच्या सावळ्या विठोबाला पिवळा पितांबर नेसवतात, तेव्हा त्या मूर्तीवर किती तेज येतं ते आठव.

फोनवरच्या चाचणीत तू 'शरद ऋतू' निघालीस म्हणतेस. माणसांची चार ऋतूंत वाटणी करायची ही पद्धत कॅरोल जॅक्सन यांच्या १९८०च्या पुस्तकाने घरोघरी नेली. त्यात आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या बहुतेक बायका एकट्या 'हिवाळ्या'त बसवल्या होत्या. आपल्या एका घरात केवढ्या छटा असतात! तुझी आई गव्हाळ, तू सावळी, आजी निमगोरी. तेव्हा ती चाचणी राहू दे.

आता साडीचं. साडी साडेपाच मीटर असली तरी तोंडाजवळ येतो तो खांद्यावरचा पदर, त्याचा काठ आणि ब्लाऊज. इरकल बघ. अंग काळपट निळं नाहीतर गर्द हिरवं, काठ रेशमी, पदर लाल-पांढरा. उन्हात राबणाऱ्या सावळ्या बायकांनी ही साडी पिढ्यान्‌पिढ्या नेसली आणि ती त्यांना शोभली. गडद रंग नको म्हणणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर आहे. एखादी साडी फार आवडली आणि तिचा रंग तुझा नसेल, तर ब्लाऊज तुझ्या रंगाचा घे, काम होतं. मात्र ब्लाऊजपीस जुळवताना कापड घेऊन दुकानाबाहेर फूटपाथवर ये. दिव्याखाली तंतोतंत जुळलेले दोन लाल बाहेर वेगळे निघतात, कारण दोन्हींतली रंगद्रव्यं वेगळी असतात.

तुझी उंची बेताची, खांदे भरलेले. फार रुंद आणि अंगाच्या उलट रंगाचा काठ तुला आडवा कापतो. बोटभर रुंदीचा काठ घे, नाहीतर अंगाच्याच छटेतला. ऑर्गंझा अंगापासून फुगून उभं राहतं, ते टाळ. मऊ रेशीम अंगाबरोबर पडतं. बाही दंडाच्या सगळ्यात जाड भागावर संपवू नकोस, नजर तिथेच अडते. कोपराच्या जरा वर आणू. पुढचा गळा पानाच्या आकाराचा थोडा खोल घेऊ, म्हणजे मान मोकळी दिसेल.

मला विचारशील तर साखरपुड्याला डाळिंबी धूपछाँव घे. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, त्यामुळे चुणी हलली की छटा बदलते. पण तुला मोरपंखी आवडली तर तीच. खूप लोकांसमोर दिवसभर ती तुला नेसून बसायचंय, मला नाही.

साडी घेतलीस की ब्लाऊजपीस लगेच पाठव. टेपने घेतलेलं माप नको, तुला नीट बसणारा जुना ब्लाऊजच पाठव आणि मुंढ्यात कुठे घट्ट होत असेल तर चिठ्ठीवर लिही. अस्तर मी इकडे घेईन. आतून दोन्हीकडे बोटभर माया ठेवते, पुढे सैल करावा लागला तर उपयोगी पडेल. फॉल-पिको तिथेच करून घे.

तुझी,
मावशी