दोन वेण्यांचा नियम

मैत्रिणींनो, सकाळी सात वाजता तुमच्या घरात जे युद्ध चालतं, तेच माझ्याही घरात चालतं. तवा गॅसवर, डबा अर्धवट भरलेला, खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवताहेत आणि आपल्या दोन गुडघ्यांत मुलगी, "आई गं, दुखतंय!" दोन घट्ट वेण्या, वर दुमडलेल्या, काळ्या रिबिनीचं फूल. ते फूल नसलं तर परिपाठाच्या वेळी ओळीतून बाहेर. मनातल्या मनात शाळेला दोन शब्द ऐकवायचे आणि वेणी घालायची, दुसरं काय करणार?

माझी गंमत अशी की, घरात मी ज्या नियमाला नावं ठेवते, तोच नियम तासाभरानं शाळेत मीच तपासते. बी. ए. झाले, लग्न झालं, मूल झालं, आणि आता अर्धवेळ शिक्षिका आहे. सहावी-सातवीला मराठी आणि नागरिकशास्त्र. राहायला महाळुंग्यात. बालेवाडीजवळचं नव्हे हो, आमचं तळेगाव-चाकण रस्त्यावरचं महाळुंगे. इथं मोटारींचे, दुचाकींचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने आले आणि गाव बघता बघता खोल्यांच्या चाळींनी भरून गेलं. बीड, लातूर, बिहार, ओडिशा. हजेरी घेताना आडनावं वाचली की अर्धा भारत फिरून आल्यासारखं वाटतं. मला त्याचा अभिमानही होता. "आमच्या वर्गात भेदभाव नाही बाई," असं मी हळदीकुंकवाला चारचौघींत सांगायची.

मागच्या वर्षी जूनमध्ये सहावीच्या वर्गात एक मुलगी आली. तिचं नाव इथं देत नाही. रंगानं काळी, उंच, आणि डोक्यावर बारीक बारीक स्प्रिंगांसारखे दाट केस, खाली न येता वर उभे राहणारे. वडील एका कारखान्यात कंत्राटावर. गाव बेळगावकडचं, खानापूर तालुक्यातलं. मराठी बोलायची, थोडी कोकणी मिसळलेली, पण गोड. पहिल्याच दिवशी एका मुलानं विचारलं, "तू आफ्रिकेतून आली काय?" वर्ग हसला. तिनं शांतपणे सांगितलं, "खानापूरहून. एस्टीनं."

ती सिद्दी समाजातली. हे लोक आपल्याला फक्त इतिहासाच्या धड्यात ठाऊक, जंजिऱ्याचा सिद्दी म्हणून. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कारभारी झाला, त्यानं खडकी वसवली, तेच पुढं औरंगाबाद आणि आताचं छत्रपती संभाजीनगर. १६२६ साली तो वारला. हे सगळं आपण मुलांकडून घोकून घेतो. पण पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी कित्येकजण पळून घाटावरच्या जंगलात शिरले, आणि त्यांची लेकरंबाळं आजही हल्याळ, यल्लापूर, खानापूरकडं शेतमजुरी करून राहतात, हे मला, शिकवणाऱ्या बाईला, ठाऊक नव्हतं. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातींच्या यादीत घेतलं; बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींचा नंबर लागायला २०२० उजाडलं. चारशे वर्षं इथं राहून ज्यांना "कुठून आलात?" हा प्रश्न सुटत नाही, त्यांतली एक पोर माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसली होती.

आता माझं काय चुकलं ते सांगते.

आमच्या शाळेचा नियम असा: मुलींनी केसांना तेल लावून, चापून, मधोमध भांग पाडून, दोन वेण्या घालून यायचं. केस वेणी घालण्याइतके लांब नसले तर 'बसवलेले' असावेत. तिचे केस लांबीला वीतभर असतील, पण गोळा होऊन कानापर्यंतच यायचे. त्यांच्या वेण्या कशा होणार? आणि बसणार तरी कसे? सोमवारच्या तपासणीत ती पहिल्यांदा ओळीबाहेर आली. मी डायरीत शेरा लिहिला, 'केस व्यवस्थित विंचरून पाठवावे.' दुसऱ्या सोमवारी तोच शेरा. तिसऱ्या सोमवारी लिहिलं, 'नियमाप्रमाणे केस नसल्यास वर्गात बसू दिले जाणार नाही.' मुलं तिला 'मॅगी' म्हणायची. मी एकदा दटावलंही. पण दटावून मुलं गप्प बसतात, विसरत नाहीत. पीटीच्या सरांनी तर न विचारताच तिचं नाव धावण्याच्या शर्यतीत घातलं. "यांच्या रक्तातच असतं," म्हणाले. पोरीला आवड चित्रांची.

एके दिवशी मला वाटलं, आईला वेळ नसेल, आपणच विंचरून देऊ. खरंच, बायांनो, वाईट हेतू नव्हता. मधल्या सुट्टीनंतर तिला टेबलाशी बोलावलं, पर्समधला माझा बारीक दातांचा कंगवा काढला आणि वरून खाली ओढला. तो अडकला. मी जोर केला. कंगव्याचे दोन दात मोडून तिच्या केसात राहिले आणि अख्खा वर्ग खो खो हसला. मीही हसले. ही गोष्ट लिहिताना सगळ्यात जड काय जातं, तर हे वाक्य. मीही हसले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते दुखल्यामुळं असेल असं मी धरून चालले.

पुढच्या सोमवारी ती मुंडन करून आली.

पूर्ण टक्कल. बाकीच्या मुली कुजबुजल्या, "कुठला नवस फेडला गं?" शिपाईमामांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, घरात काही झालं का?" आपल्याकडं बाईच्या मुंडनाला केवढा इतिहास आहे! माझी आजी तिच्या एका आत्येबद्दल सांगायची, लाल अलवण आणि डोक्यावर ओढलेला पदर. ते ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. आणि इथं अकरा वर्षांची मुलगी ओळीत उभी होती. तपासणीत पास. नियमाविरुद्ध काहीच नव्हतं.

त्या संध्याकाळी मी तिच्या खोलीवर गेले. आमचे हे म्हणाले, "एकटी नको जाऊस, मी सोडतो," आणि स्कूटर घेऊन खाली थांबले. दहा बाय दहाची खोली, लख्ख घासलेली भांडी, भिंतीवर तिनं काढलेली चित्रं. आईनं चहा टाकला. तिच्या डोक्याला रुमाल बांधलेला. मी म्हटलं, "अहो, हे काय केलंत? एवढं टोकाला जायची काय गरज होती?" ती म्हणाली, "बाई, तुम्ही लिहिलं होतं वर्गात बसू देणार नाही. सातवीपर्यंत तरी शिकायला हवी ना. टक्कल चालत नाही असं कुठं लिहिलेलं नव्हतं." मग थोड्या वेळानं, "ती नाही रडली. मीच रडले."

मी म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, "तुमचं एकट्याचं कुठं? माझ्या शाळेतही हेच. मी चौथीला सोडली." चहा गोड होता, घशाखाली उतरेना.

घरी आल्यावर मला बाबासाहेबांच्या लहानपणची हकिकत आठवली. ती त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. साताऱ्याला शाळेत असताना त्यांना वर्गाच्या कोपऱ्यात स्वतःच्या गोणपाटावर बसावं लागे, आणि ते गोणपाट रोज घरून आणावं, घरी न्यावं लागे. आणि केस? पैसे द्यायची ऐपत होती, न्हावीही होते, पण एकही न्हावी त्यांच्या डोक्याला हात लावायला तयार नव्हता. थोरली बहीण भावांचे केस कापायची. हा उतारा मी मुलांना सांगते, दर सहा डिसेंबरला. सांगताना माझा आवाज कापतो. आणि माझ्याच नियमापायी एका आईला स्वतःच्या हातानं लेकीचं डोकं भादरावं लागलं. तिथं डोक्याला हात लावायचा नव्हता, इथं मी हात लावला, एवढाच काय तो फरक.

नागरिकशास्त्रात मी राज्यघटनेचं पंधरावं कलम शिकवते: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करता येणार नाही. 'वंश' या शब्दाशी आल्यावर मी नेहमी दूरच्या देशांची उदाहरणं द्यायची. आणि शिक्षणहक्काच्या २००९च्या कायद्याचं सतरावं कलम शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला, दोन्हींना बंदी करतं, हेही मला पाठ. छडी कधी हातात धरली नाही याचा मला तोरा होता. कंगव्याचं कुणी सांगितलं नव्हतं!

तुम्ही म्हणाल, अहो पण शाळेला शिस्त नको का? हवी. केसांत उवा नकोत, बटा डोळ्यांवर नकोत, गणवेशामुळं गरीब-श्रीमंत दिसत नाही, हे सगळं मला मान्य आहे. पण आमचा नियम 'स्वच्छ' म्हणत नव्हता, 'चापून' म्हणत होता. तो ज्यानं कुणी लिहिला त्याच्या डोळ्यांपुढं एकाच जातीचे केस होते, सरळ, तेल लावलं की खाली बसणारे. देवानं ज्याला तसे दिले नाहीत, त्यानं काय करायचं? दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या एका मुलींच्या शाळेत २०१६ साली कृष्णवर्णीय मुलींनी याच गोष्टीसाठी आवाज उठवला; त्यांचे नैसर्गिक केस शाळेला 'अव्यवस्थित' वाटत होते. कॅलिफोर्नियानं २०१९ साली कायदाच केला, की केसांच्या अशा ठेवणीवरून शाळेत किंवा नोकरीत कुणाला वगळायचं नाही. आणि आपल्या जवळची गोष्ट ऐका. दरबानच्या शाळेत सुनाली पिल्ले नावाची तमिळ घरातली मुलगी २००४ साली नाकात चमकी घालून आली. शाळा म्हणाली, नियमात बसत नाही. आई कोर्टात गेली आणि २००७ साली तिथल्या सर्वोच्च घटनापीठानं मुलीच्या बाजूनं निकाल दिला. आपल्या नाकातल्या चमकीसाठी कुणी आपल्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं तर?

आणखी एक कबुली. मार्च २०२४ मध्ये सरकारनं आम्हां शिक्षकांच्याच पोशाखाचे नियम काढले. बाईंनी साडी किंवा ओढणीसह पंजाबी ड्रेस, जीन्स-टी शर्ट नको. स्टाफरूममध्ये केवढा गदारोळ! "कपड्यांवरून का आमची लायकी ठरते?" मीही तावातावानं बोलले. घंटा झाली आणि आम्ही सगळ्याजणी मुलींच्या वेण्या तपासायला गेलो.

मुख्याध्यापकांपुढं मी विषय मांडला. ते वाईट माणूस नाहीत, म्हणाले, "एकीला सूट दिली की सगळ्या मागतील." मी म्हटलं, सर, सूट नको, नियमच बदला. 'केस स्वच्छ आणि चेहऱ्यावर न येणारे असावेत', एवढं पुरे. दोघी शिक्षिका माझ्या बाजूनं, तिघी विरुद्ध. पीटीचे सर गप्प. शेवटी ठरलं, की तिला कुणी टोकायचं नाही आणि लेखी बदल जूनमध्ये शाळा समितीपुढं ठेवायचा. अजून तो झालेला नाही, हे खरं ते सांगते.

तिच्या आईकडून मी केस विंचरायला शिकले, तेही सांगून टाकते, कारण कुरळे केस तुमच्याही घरात कुणाचे तरी असतील आणि तुम्हीही माझ्यासारख्याच ओढत असाल. कोरड्या केसाला कंगवा लावायचाच नाही. आधी पाण्यानं ओले करायचे, बोटांना खोबरेल लावून मोठा गुंता हातानं सोडवायचा, मग मोठ्या दातांचा कंगवा घेऊन टोकाकडून सुरुवात करत थोडं थोडं वर मुळाकडं यायचं. रात्री मऊ कापडात बांधून झोपायचं. तसा कंगवा मी चाकणच्या बाजारातून दोन आणले, एक तिला, एक माझ्या लेकीला. आता आमच्या घरी "आई गं" जरा कमी ऐकू येतं.

तिचे केस आता दोन बोटं वाढलेत. 'मॅगी' अजून अधूनमधून कानावर येतं. परवा मधल्या सुट्टीत वह्या तपासत बसले होते, तर ती टेबलाशी येऊन उभी राहिली. म्हटलं, "काय गं?" म्हणाली, "बाई, तुमची पिन निघालीय. लावू का?" मी मान खाली घातली आणि तिनं माझी सुटलेली बट अलगद उचलून पिन लावून दिली. जराही दुखलं नाही.