बायर, शिपन, मिस्टल

उत्तर इंग्लंडात, यॉर्कशायरमध्ये, स्वेलडेल नावाचं खोरं आहे. तिथल्या कुरणाकुरणांत दगडी गोठे उभे आहेत. उन्हाळ्यात कापलेलं गवत वाळवून तिथंच साठवायचं, हिवाळाभर दावणीला मोजक्या गाई बांधायच्या आणि साठलेलं शेणखत त्याच कुरणात पसरायचं. बर्फ तुडवत रोज यायचा तो माणूस. गवताची आणि शेणाची फारशी वाहतूक नाही. या मांडणीतलं शहाणपण मला फार मोलाचं वाटतं.

अशा गोठ्याच्या पोटातल्या जागांना नावं होती. गाय उभी राहते ती जागा ‘बूस’, दोन जागांमधला आडोसा ‘बॉस्किन’. गोठ्याचं नाव मात्र डोंगर ओलांडला की बदलायचं. नॉर्थम्बरलंडात बायर, लँकेशायर-चेशायरमध्ये शिपन, पश्चिम यॉर्कशायरच्या गिरण्यांच्या मुलखात मिस्टल. दूर नैर्ऋत्येला, डेव्हनमध्ये, लिनी: एक बाजू मोकळी, खाली जनावरं, वर गवताचा माळा. त्या माळ्याला टॅलेट म्हणत. हा शब्द लॅटिनमधून वेल्शमध्ये आणि तिथून इथे आलेला. उत्तरेतलं कोठार ‘लेथ’, ते व्हायकिंगांच्या भाषेतलं. एमिली ब्राँटेनं १८४७च्या ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये ते म्हाताऱ्या नोकराच्या तोंडी घातलं आहे. राज्यं आली नि गेली, गवत ठेवायच्या जागेचं नाव मात्र हजार वर्षं टिकलं! ते रोज लागत होतं म्हणून.

असे शब्द गोळा करणारा जोसेफ राइट हा पश्चिम यॉर्कशायरच्या त्याच गिरण्यांच्या मुलखातला. लहानपणी दगडाच्या खाणीवर गाढवं हाकणारा, पंधराव्या वर्षी वाचायला शिकलेला आणि पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झालेला. इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश त्यानं १८९८ ते १९०५ या काळात प्रसिद्ध केला. त्याच्याविषयी मला नितांत आदर आहे.

पुढे दूध मोठ्या शेडमध्ये, यंत्रांवर निघू लागलं. कितीतरी जुन्या गोठ्यांची सुट्टीतली घरं झाली आणि दारावर ‘ओल्ड शिपन’ अशी पाटी लागली. भिंती वाचल्या हे चांगलंच झालं. पण जिथे पहाटे कुणी धार काढत नाही, त्या जागेला शिपन म्हणायला माझं मन धजत नाही.

या नावांची नोंद मात्र राहिली. हॅरल्ड ऑर्टन आणि ऑयगेन डीथ यांनी आखलेल्या इंग्रजी बोलींच्या पाहणीतले संशोधक १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी फिरले. गाई बांधता त्या जागेला काय म्हणता, असं त्यांनी गावोगावच्या वृद्धांना विचारलं. ती उत्तरं लीड्स विद्यापीठात जपून ठेवलेली आहेत.