टाकी, धार, कल्हई

आजोळहून आलेल्या बिडाच्या तव्याचे दोन तुकडे मी केले. घावनं काढून झाली होती, डबे भरायची घाई होती, आणि तापलेला तवा मी सरळ नळाखाली धरला. टण्ण! एकच आवाज. बिडात कार्बन 2 टक्क्यांच्या वर असतो, म्हणून ते कडक असतं आणि तितकंच ठिसूळही. पत्र्याच्या तव्याला पोचा येतो, बिडाला चीर जाते. आई काही बोलली नाही. तिने तुकडे उचलले आणि तुळशीच्या कुंडीखाली टेकण म्हणून लावून टाकले. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून स्वयंपाकघरासाठी काहीही घेताना मी आधी स्वतःला विचारते, हे झिजलं की काय करायचं? गेल्या वर्षी भाचीने पुण्यात भाड्याने घर घेतलं आणि मावशी म्हणून माझ्याकडे यादी मागितली. काय काय लागतं ते सांग, तुळशीबागेत एका फेरीत उरकते, म्हणाली. मी तिला यादीऐवजी हा प्रश्न दिला. ती वैतागलीच.

पण माझ्या ओट्यावरचं सगळं सामान याच प्रश्नातून पार पडून आलेलं आहे. विळीचंच घ्या. रोज तीन-चार किलो भाजी चिरायची तर सुरीने माझं मनगट धरतं. विळीचं पातं जागेवर असतं, हलते ती भाजी. पाट पायाखाली दाबला की दोन्ही हात मोकळे. त्याच पात्याच्या टोकाला खोवणी, म्हणजे नारळाची वेगळी सोय नको. पातं बोथट झालं की धारवाला आहे. आमच्या गल्लीत तो अजून सायकलवर येतो, स्टँड लावतो आणि पायडल मारत चाक फिरवतो. ठिणग्या उडायला लागल्या की मी शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहते. पातं फार तापून निळं पडलं तर पोलाद मऊ होतं आणि आठ दिवसांत धार जाते. मधूनमधून पाण्यात बुडवा हो, असं मी म्हटलं की तो हसतो, पण बुडवतो.

तव्याची गोष्ट उलटी. तो वापराने झिजत नाही, भरत जातो. तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवलं की त्या तेलाचा काळा, कोरडा थर बिडाला घट्ट धरून बसतो. असे थरावर थर चढले की तवा रुळला. नवीन बिडावर मी आठवडाभर नुसता कांदा परतते. घावनं घालताना तेल लावायला नारळाची शेंडी किंवा अर्धा कांदा. पहिलं घावन तव्याचं, ते मोडायचंच. आणि चिंच-कोकमाचं काही त्यात शिजवायचं नाही. आंबटाने तो थर सुटतो आणि आमटीही काळी पडते. थर गेलाच तर रडायचं कारण नाही. घासायचा, पुसायचा, पुन्हा पहिल्यापासून.

आंबटाचं दुसरं भांडण तांब्या-पितळेशी. माझ्याकडे आजीचं पितळी पातेलं आहे. त्याची कल्हई उडाली होती आणि मला ते कळलं ताकाच्या कढीने. सगळी कढी कळकली. कल्हईवाला शोधत मी तांबट आळीपर्यंत गेले. त्याने पातेलं तापवलं, नवसागराची पूड टाकली, पांढरा धूर उठला आणि आतला काळेपणा सुटला. मग कथलाची कांडी टेकवून कापसाने एक फेर, की आतून चांदीसारखं लख्ख. जाताना त्याने बजावलं, रिकामं तापवू नका. कथील 232 अंशांना वितळतं. पातेलं कोरडं राहिलं तर कल्हई ओघळून गोळा होते. म्हणून माझी फोडणी कधी त्या पातेल्यात होत नाही. तिला लोखंडी पळी, आणि चुर्र करून वरून.

हे सगळं जुन्याचं कौतुक म्हणून सांगत नाही. माझ्याकडे तीन कुकर आहेत आणि त्यांच्याशिवाय माझे डबे निघणार नाहीत. कुकर माझ्या प्रश्नाला पुरून उरतो: रिंग बदलता येते, शिट्टी मिळते, सेफ्टी व्हॉल्व्ह बदलता येतो, दांडा निखळला तर मंडईच्या मागे बसवून मिळतो. न चिकटणारं पॅन मात्र लेप निघाला की संपलं. त्याला ना धार, ना कल्हई.

गावी परसात चूल आहे. भाजणी आणि वर्षाचा मसाला तिथेच. हत्यारं दोनच, फुंकणी आणि चिमटा. पातेल्याच्या बुडाला बाहेरून ओल्या मातीचा लेप द्यायचा, म्हणजे काजळी मातीसकट निघते. चुलीला तडा गेला की दोन पावलांवर माती आहे, गोठ्यात शेण आहे. हात फिरवला की झालं.

राहिला पाटा. भाचीला मी तोच दिला, कारण खोबऱ्याचं वाटप मिक्सरमध्ये पाणी घातल्याशिवाय फिरत नाही. पाट्यावर नुसता शिपका पुरतो. दगड आपल्या सह्याद्रीचाच, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तरी तोही गुळगुळीत होतो. मग मिरची चिरडत नाही, नुसती घसरते. तिने विचारलं, अकराव्या मजल्यावर टाकीवाली कुठून यायची? पूर्वी दुपारी हाक यायची, पाट्याला टाकी लावाऽऽ. आता सोसायटीचं फाटक ती हाक आत येऊ देत नाही.

मी टाकी आणि हातोडी विकत घेतली. एका रविवारी आम्ही दोघी तिच्या पार्किंगमध्ये पाटा मांडून, डोळ्यांना चष्मे लावून बसलो. टाकी तिरकी धरायची, हलके ठोके, ओळीने. अर्ध्या तासात माझा हात भरून आला. उरलेलं तिने केलं आणि एक घाव जरा जोरातच घातला. मग मूठभर तांदूळ आणि खडेमीठ वाटून फेकून दिलं, कच निघावी म्हणून. तिसऱ्या धुण्याला पाणी स्वच्छ आलं.

तो खोल घाव तसाच आहे. वाटप काढून झालं की त्या खाचेत थोडी खसखस अडकून राहते. भाची ती करंगळीने काढते आणि चाटते.