पडद्यावरचे डोळे

उपवासकाळात आमच्या घरी टीव्ही कमी लागतो, पण बंद नसतो. तेव्हा पाहिलेल्याबद्दल आमचे प्रामाणिक मत सांगतो.

‘दयासागर’ आम्हाला आजही आवडतो. मूळ तेलुगू ‘करुणामयुडू’ १९७८ चा. त्यातील विजयचंदर यांच्या नजरेतली माया विसरता येत नाही. मेल गिब्सनचा ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’ (२००४) पाहून रडलो, पण फटक्यांच्या माऱ्यात प्रभूची शिकवण आम्हाला कमी दिसली. संध्याकाळच्या मालिकांविषयी काय सांगावे? नावे ठेवतो आणि त्यांच्यासाठी रोझरी घाईने उरकतो.

परवा संदीप सावंत यांचा ‘श्वास’ पुन्हा पाहिला. कर्करोगामुळे नातवाचे दोन्ही डोळे जाणार, म्हणून शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला इस्पितळातून बाहेर नेऊन जग दाखवतात. आम्ही सगळे डोळे पुसत होतो. शेजारी बसलेल्या आईला हल्ली फार कमी दिसते. ती मधूनमधून विचारी, “आता काय चाललंय रे?” आम्ही म्हणालो, “थांब गं, नंतर सांगतो.”

तिसऱ्यांदा तिने विचारलेच नाही. सिनेमा संपला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

बार्तीमयाची हाक ऐकून येशू थांबला. गप्प बस म्हणणारे लोक आम्हीच होतो. दुसऱ्या दिवशी ‘श्वास’ परत लावला, आवाज कमी केला आणि आईला प्रत्येक प्रसंग सांगत गेलो. तोच आमचा त्या दिवसाचा उपवास. प्रभू आम्हाला थांबायला शिकवो. आमेन.