‘ळ’चे शब्द शोधत आलेलं गिऱ्हाईक

‘ळ चे शब्द.’ ‘जोडाक्षर वाचन पीडीएफ.’ ‘पहिली चित्रवाचन.’ ‘एकसष्ट की साठ एक.’ गूगलवर हे असलं टाइप करून माणसं आमच्या वेबसाइटवर येतात आणि ती यादी आपल्याला चक्क फुकट वाचायला मिळते! सर्च कन्सोल म्हणतात त्याला. मुलाने ते उघडून दाखवलं आणि तेव्हापासून माझा सकाळचा चहा त्या यादीसमोरच निवतो. अहो, ही नुसती शब्दांची यादी नाही, प्रत्येक ओळीमागे कुणीतरी बाई नाहीतर सर आहेत, उद्या पहिल्या तासाला वर्गात काय न्यायचं या विवंचनेत बसलेले!

आमचा धंदा केवढा, तर सुरतेच्या दिंडोलीत साडीला लेस लावायचं जॉबवर्क, आणि उरलेल्या मखमलीच्या कटपीसमधून लहान मुलांसाठी अक्षरं. पुठ्ठ्यावर चिकटवलेली, बोट फिरवून गिरवायची. कल्पना आमची नव्हे. माँटेसरीबाईंची पॉलिशपेपरची अक्षरं जगप्रसिद्ध आहेत. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं आणि पुढे बोर्डी-कोसबाडच्या मुलांपर्यंत बालशिक्षण नेलं. म्हणजे गुजरातेतून मराठी मुलाकडे जाणारा हा रस्ता आमच्या आधीपासून पडलेला आहे, आम्ही त्यावर आपलं मखमल अंथरतोय एवढंच.

रिंग रोडच्या मार्केटात ज्यांचं काम आम्ही करतो ते शेठ वेबसाइटचं नाव काढलं की हसतात. ‘बेन, धंधो तो ओळखाणथी चाले.’ कापडाचा चालतही असेल. पण तळोद्याच्या आश्रमशाळेतल्या बाईंची आणि माझी ओळख कोण करून देणार? दलाल?

ती करून दिली ‘ळ’ने! बाजारात मिळणारे देवनागरी अक्षरांचे बरेचसे संच हिंदीसाठी बनवलेले. त्यात ‘ळ’ नसतो, आणि ‘ल’, ‘श’ हिंदी वळणाचे असतात. मराठी शाळेतल्या मुलाला ‘शाळा’ हाच शब्द त्या संचातून जुळवता येत नाही, बोला! आम्ही ‘ळ’चं एक वेगळं पान केलं. बाळ, केळी, फळा, टाळ, सगळे शब्द, चित्रं, खाली गिरवायची ओळ. कागद ए-फोर आणि छपाई काळी-पांढरी, कारण शाळेच्या प्रिंटरमध्ये रंगीत शाई बहुधा नसतेच. नावनोंदणी नाही, ओटीपी नाही. उतरवून घ्या, झेरॉक्स काढा, वाटा. तळाशी बारीक अक्षरात आमचं नाव आणि फोन.

आणि मग ते पान चालायला लागलं हो! कुणीतरी केंद्राच्या ग्रुपवर टाकलं, कुणी महिन्याच्या शिक्षण परिषदेत दाखवलं, आणि एके दिवशी साक्रीकडच्या एका सरांचा फोन: ‘ताई, ती मखमलीची अक्षरं तुमचीच का? पक्कं बिल मिळेल ना?’

किंमत नंतर विचारली, आधी पक्कं बिल! इथे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शिक्षक दोन खिशांतून खर्च करतात. वर्गासाठी एखादी वस्तू आवडली तर स्वतःच्या पगारातून. पण पूर्ण संच घ्यायचा तर तो संयुक्त शाळा अनुदानातून, आणि तो पैसा कसा असतो ते मी सरांना विचारविचारून समजून घेतलं. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांत तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये, शंभरपर्यंत 25,000, अडीचशेपर्यंत 50,000. त्यातच वीजबिल, खडू, दुरुस्ती, आणि किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर. मग शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवायला कोटेशन हवं, फाइलला लावायला बिल हवं. आमच्या साइटवरची ‘आजच घ्या, उद्या संपेल’ अशी लुकलुकती पट्टी त्यांच्या काय कामाची? समितीची बैठक व्हायची असते! पट्टी गेली, तिथे बटण आलं: शाळेचं नाव आणि यू-डायस क्रमांक भरा, शाळेच्या नावाने कोटेशन छापून घ्या. छोट्या शाळेसाठी संचाचे तुकडेही केले. स्वर वेगळे, व्यंजनं वेगळी, ज्याला जे परवडेल ते.

‘एकसष्ट की साठ एक’ याचीही गंमत. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 2019 साली संख्यावाचनाची नवी पद्धत आली, एकसष्टऐवजी ‘साठ एक’, आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. आम्हाला त्या वादात पडायचं नाही. आमच्या संख्याकार्डाच्या एका बाजूला एकसष्ट, दुसऱ्या बाजूला साठ एक. पालकही खूश, बाईही खूश.

फुकट द्यायला सुरुवातीला जीव धजत नव्हता, हे खरं. पण अरविंद गुप्तांची साइट पाहिली आणि भीड चेपली. पुण्याच्या आयुकामधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी काड्यापेट्या, स्ट्रॉ, सायकलची ट्यूब असल्या वस्तूंतून खेळणी केली, कृती सगळ्या मोकळ्या ठेवल्या, शिवाय पुस्तकांचा ढीग. विकायचं त्यांना काहीच नव्हतं. आम्हाला आहे, पण शिक्षकाचा विश्वास कसा बसतो ते मी तिथे शिकले. वस्तू वर्गात चालली पाहिजे, बस. म्हणून आता प्रत्येक वस्तूखाली छोटा व्हिडिओ असतो: मूल ती कशी हाताळतं, आणि फाटली तर कशी शिवायची. शिवण आम्हाला येतेच!

मजा म्हणजे आमच्या शेजारची गिऱ्हाइकंही याच वाटेने आली. सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळा उधना-लिंबायत भागात आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, तिथल्या एका बाई आम्हाला शोधत आल्या त्या गूगलवरून! त्यांची पुस्तकं गुजरातच्या पाठ्यपुस्तक मंडळाची, साक्रीच्या सरांची बालभारतीची. म्हणून पानं पाठाच्या क्रमाने न लावता अक्षरांच्या क्रमाने लावली. ‘ळ’ दोन्हीकडे तोच.

त्याच बाईंनी निघता निघता विचारलं, ‘ओडियाची अक्षरं कराल का?’ पालिका ओडिया, तेलुगू, उर्दू, हिंदी माध्यमाच्याही शाळा चालवते, आणि पांडेसऱ्याच्या लूमवर ओडिशातल्या गंजामचे किती कारागीर आहेत ते आम्ही रोज बघतो. ओडिया अक्षरं गोलगरगरीत, मखमलीत कापायला कठीण, कात्री वळता वळत नाही. साचा करावा लागेल. आमच्याकडे पार्सल न्यायला येणारा गंजामचा मुलगा सातवीपर्यंत ओडियातच शिकलाय, त्याला रविवारी जेवायलाच बोलावलंय. आधी अक्षरं तपासायची, मग ओडिया लोक गूगलवर काय शोधतात ते विचारायचं.