किल्ली कालनिर्णयच्या मागे

आमच्या डोंबिवलीच्या घरात शिरायचं तर चोराला बरेच कष्ट आहेत. खाली वॉचमनच्या वहीत खोटं नाव लिहायचं, चार मजले चढायचे, मग जाळीच्या सेफ्टी डोअरचं कुलूप, मग लाकडी दाराचं लॅच, वरची कडी, खालची कडी आणि मधली साखळी. खिडकीतून यायचं म्हटलं तर बॉक्स ग्रिल. रोज रात्री साडेदहाला बाबा हे सगळं लावत घरभर फिरतात. आई त्याला 'शेजारती' म्हणते.

तरी गेल्या डिसेंबरात शेजारच्या विंगमध्ये भरदुपारी घरफोडी झाली. घरातले लग्नाला गेले होते. दोन तासांत लॅच तोडून सोनं गेलं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस डिटेक्टिव्ह कथामाला चालली आणि चौथ्या दिवशी आईचा मला बंगळुरूला फोन आला, "अगं, आपणही ते अलार्म वगैरे बसवून टाकायचं का?" मागून बाबांचा आवाज, "आपल्याकडे आहे काय न्यायला?" (हे तेच बाबा, सहा कड्यावाले.)

निवड माझ्याकडे आली, कारण मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. एखादी गोष्ट कशी चालते यापेक्षा ती कशी बंद पडते हे शोधण्याचे मला पैसे मिळतात. संक्रांतीला घरी गेले तेव्हा एका कंपनीचा माणूस डेमो द्यायला आला. त्याच्या बॅगेत साधारण सगळ्यांच्याच किटमध्ये असतं ते होतं. एक हब. दाराला लावायचे दोन तुकडे, एकात चुंबक आणि दुसऱ्यात चुंबक लांब गेल्याचं ओळखणारा स्विच. कोपऱ्यात लावायचा पीआयआर सेन्सर, जो माणसाच्या अंगाच्या उष्णतेची हालचाल टिपतो. कॅमेरा, सायरन आणि अर्थातच ॲप.

मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले. लाइट गेली तर? हबला बॅटरी आहे. पण राउटरला आहे का? नाही, तो इन्व्हर्टरवर टाकावा लागेल. वायफाय गेलं तर? सिमकार्डवालं मॉडेल महाग आहे. रेकॉर्डिंग कुठे राहतं? क्लाउडवर, पहिलं वर्ष फुकट, नंतर दरमहा पैसे. आणि अलार्म वाजला की कोणाला कळतं? "तुम्हालाच मॅडम, लगेच, मोबाइलवर!" म्हणजे डोंबिवलीत दार फुटणार आणि मला हजार किलोमीटरवर मीटिंगमध्ये नोटिफिकेशन येणार. मग मी समोरच्या काकूंना फोन करणार. थोडक्यात सिक्युरिटी सिस्टिम म्हणजे समोरच्या काकू. बाकी सगळा त्यांच्यापर्यंत निरोप पोचवण्याचा खर्च.

मी शेवटी विचारलं, आणि आग लागली तर? तो म्हणाला, "स्मोक डिटेक्टर ॲड-ऑन आहे मॅडम. सहसा कोणी घेत नाही."

घराचं सिक्युरिटी अलार्म म्हणून आज जे विकलं जातं त्याची सुरुवात मी नंतर शोधली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन नावाची कृष्णवर्णीय नर्स राहायची. ड्युटीच्या वेळा वेड्यावाकड्या आणि पोलीस यायला उशीर. तिने नवऱ्याबरोबर १९६६ साली एका यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते १९६९मध्ये मिळालं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोकं, त्यांमागे वरखाली सरकणारा कॅमेरा, आत टीव्हीचा पडदा, दाराबाहेरच्याशी बोलायची सोय, धोक्याचं बटण. आणि आणखी एक बटण, दूरून दार उघडायचं. हे शेवटचं मला फार आवडलं. घाबरलेल्या बाईने स्वतःसाठी बनवलेल्या यंत्रात दार बंद ठेवण्याइतकाच दार उघडण्याचाही विचार होता. आमच्या घरात तो अजिबात नव्हता.

चोर आला तर सगळं बंद पाहिजे. आग लागली तर सगळं उघडं पाहिजे, तेही अंधारात, खोकत, काही सेकंदांत. दिल्लीच्या उपहार सिनेमात १९९७ साली ५९ माणसं गेली, ती बहुतेक धुराने गुदमरून. बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या होत्या. आमच्या घरात जळायला पुष्कळ आहे. चपलांच्या रॅकशेजारी इन्व्हर्टर, एका एक्स्टेन्शन बोर्डवर तीन चार्जर, लाकडी देव्हारा आणि त्यात निरांजन, स्वयंपाकघरात सिलिंडर. बॉक्स ग्रिलमध्ये वर्षाची रद्दी.

मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं आणि आईबाबांना सांगितलं की रात्र आहे, लाइट गेलेत, झोपेतून उठा आणि जिन्यापर्यंत या. आईला हसू आवरेना. बाबांनी गंभीरपणे चष्मा शोधण्यापासून सुरुवात केली. साखळी, दोन कड्या, लॅच आणि मग सेफ्टी डोअरचं कुलूप. त्याची किल्ली स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या मागे खिळ्याला. दारापाशी ठेवली तर चोर जाळीतून काठीने ओढून घेईल म्हणून. म्हणजे आग बहुधा जिथे लागेल त्या खोलीत जाऊन घराबाहेर पडायची किल्ली आणायची. एक मिनिट पन्नास सेकंद लागले, तेही धूर नसताना.

"बाबा, हे कुलूप आतून बिनकिल्लीचं हवं," मी म्हटलं.

"मग ते कुलूप कसलं?"

यावर आमचं चार दिवस वाजलं. मी आकडे सांगत होते, ते ऐकत होते आणि किल्ली परत खिळ्याला अडकवत होते. पाचव्या दिवशी बाबा बँकेत गेलेले असताना आईने मला पाटल्यांची गोष्ट सांगितली. मला ती अर्धीच माहीत होती. चाळीतून हे लोक डोंबिवलीला आले त्याच वर्षी आजीच्या पाटल्या चोरीला गेल्या. चाळीत दिवसभर दार उघडं असायचं, कुलूप गावाला जातानाच लागायचं. नव्या जागेत एका रविवारी सगळे बाहेर पडले, शेवटी बाबा. त्यांनी दार नुसतं ओढून घेतलं. आजी त्यांना एका शब्दानेही बोलली नाही, पण नंतर तिच्या हातात काचेच्याच बांगड्या होत्या, शेवटपर्यंत. "ते कड्या चोरासाठी लावत नाहीत गं," आई म्हणाली आणि पुढे काही न बोलता शेंगा सोलत राहिली.

त्यानंतर मी आकडे सांगणं बंद केलं आणि बाबांनाच विचारलं, आतून नुसती मूठ फिरवून उघडेल पण जाळीतून हात घालून फिरवता येणार नाही असं कुलूप कसं बसवाल? एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस तो. तासाभरात वर्तमानपत्राच्या कडेवर आकृती तयार. आतून मूठ, बाहेरून किल्ली, आणि मुठीभोवती जाळीला आतून पत्र्याची पेटी, जिच्यात फक्त आतल्या बाजूने हात जाईल. स्टेशनजवळच्या फॅब्रिकेशनवाल्याने ते दोन दिवसांत करून दिलं. साखळी काढली, खालची कडी काढली. वरची राहू दिली. एवढं तर चालवून घ्यावंच लागतं.

अलार्मची निवड त्यापुढे सोपी होती, जरी बाजारात ती मुद्दाम अवघड केलेली आहे. धूर ओळखायच्या दोन जुन्या पद्धती आहेत. एकीत अमेरिशियम-२४१चा अगदी सूक्ष्म किरणोत्सारी कण असतो. ती भडकलेली आग लवकर पकडते. दुसरीत प्रकाशाचा झोत असतो, धुराचे कण आले की प्रकाश विखुरतो आणि सेन्सरवर पडतो. ती धुमसणारी आग लवकर पकडते. गादी, वायर, सोफा रात्री आधी धुमसतातच, म्हणून घराला ही दुसरी, फोटोइलेक्ट्रिक. ती छताला लावायची, पण पंख्याच्या पात्यांपासून निदान तीन फूट लांब, नाहीतर पंखा धूर उडवून लावतो. स्वयंपाकघरात धुराचा अलार्म लावू नका. रोजच्या फोडणीला तो बोंबलेल आणि आठवड्याभरात कोणीतरी त्याची बॅटरी काढून रिमोटमध्ये घालेल. तिथे उष्णतेचा डिटेक्टर लावतात, साधारण ५७ अंशांना वाजणारा.

गॅसचा सेन्सर वेगळा, आणि त्यात लोक हमखास फसतात. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीवर साचतो. म्हणून सेन्सर जमिनीपासून फूटभर उंचीवर. पाइपने येणारा गॅस म्हणजे मिथेन, तो हलका. तिथे सेन्सर छताजवळ. डेमोवाल्याच्या फोटोंमध्ये सिलिंडरच्या घरातही तो छान दिसेल अशा डोळ्यांच्या उंचीवर होता. वासाने कळेलच की, असं आई म्हणाली. पण वयाबरोबर वासही कमी येतो. गळतीसाठी १९०६ हा नंबर आहे, तो मी दोघांच्या फोनमध्ये घातला.

हे सगळं लागलं आणि बाबांनी मोठ्या उत्साहाने पॅसेजमधल्या अलार्मखाली स्टुलावर उभं राहून उदबत्तीचा अख्खा जुडगा पेटवला. असा आवाज झाला की समोरच्या काकू धावत आल्या. आई आली नाही. ती बेडरूममध्ये दार लोटून आडवी झाली होती, कानातलं मशीन काढून. दार उघडलं तेव्हा ती आमच्याकडे बघून म्हणाली, "काय झालं?"

बाबा स्टुलावरून उतरले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

नेहमीच्या स्मोक अलार्मचा आवाज ३,००० हर्ट्झच्या आसपास असतो, बारीक आणि तीक्ष्ण. म्हातारपणी आधी जातात ते नेमके हेच वरच्या पट्टीतले आवाज. झोपलेल्या वृद्धांना आणि कमी ऐकू येणाऱ्यांना ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला भरीव आवाज जास्त चांगला जागं करतो, यावर परदेशात अभ्यास झाले आणि अमेरिकेत झोपायच्या खोल्यांसाठी तसे नियमही आले. इथल्या दुकानदाराला मी '५२० हर्ट्झ' म्हटलं तर त्याने मला एफएम रेडिओ दाखवला. शेवटी एकमेकांशी वायरलेस जोडलेले अलार्म घेतले, म्हणजे पॅसेजमधला वाजला की बेडरूममधलाही वाजतो, आणि आईच्या उशीखाली एक चकती आली जी त्याच वेळी थरथरते. पहिल्या रात्री ती झोपलीच नाही, चकती थरथरेल म्हणून. आता झोपते.

घरातला कॅमेरा मात्र घेतला नाही. मला तो हवा होता, खोटं कशाला बोलू. दिवसातून दोनदा हॉल दिसला असता, आई सोफ्यावर, बाबा पेपर वाचताना. आई म्हणाली, "आणि आम्ही भांडत असलो तर? आणि कामाला येणारी मावशी, तिला विचारलंस का?" दाराच्या बेलवर कॅमेरा आला, तो तिने आनंदाने घेतला, कोण आलंय ते न ऐकताही दिसतं. दाराला चुंबकवाला सेन्सर आला. त्याचं नोटिफिकेशन बाबांना, मला आणि समोरच्या काकूंना येतं. काकूंनी ते ॲप स्वतःहून मागितलं.

एक आगाऊ सूचना तुमच्यासाठी. जिन्यात लाल सिलिंडर टांगलेली असतात ना, ती चालतात का हे सेक्रेटरींना विचारा. महाराष्ट्रात २००६चा आगप्रतिबंधक कायदा आहे आणि ज्या इमारतींना तो लागू आहे तिथे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, 'फॉर्म बी', वर्षातून दोनदा द्यावं लागतं, जानेवारी आणि जुलैमध्ये. आमच्या सेक्रेटरींना मी विचारलं तेव्हा त्यांनी मी कधी परत जाणार आहे हे विचारलं.

राहिलं बॉक्स ग्रिल. ते पूर्ण काढायला बाबा तयार नव्हते, मीही फार ताणलं नाही. रद्दी गेली. बेडरूमच्या ग्रिलमध्ये माणूस बाहेर पडेल एवढी चौकट कापून बिजागरीवर दार केलं. चौथ्या मजल्यावरून उडी मारायला नाही, अग्निशमन दलाची शिडी लागली तर गजामागे अडकून राहायला नको म्हणून. बाबांनी त्या दारालाही कुलूप लावलं. किल्ली मात्र तिथेच, आतल्या भिंतीवर, आईच्या परकराच्या नाडीला बांधलेली. बाहेरून हात पोचू नये म्हणून त्यांनी बिल्डिंगमधल्या सगळ्यात उंच मुलाला बोलावून त्याचा हात टेपने मोजला आणि वर सहा इंच धरून खिळा ठोकला. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघं डोळे मिटून ते दार उघडतात आणि मला वेळ कळवतात. आईला बावीस सेकंद लागतात. बाबांना चाळीस, आणि ते म्हणतात, नाडीला गाठ आईने मारली आहे.