थिबा राजा आणि त्याच्या चार मुली: पाली ते रत्नागिरी

मुंबई–गोवा महामार्गावरील पाली हे लक्ष्मीपल्लीनाथाच्या देवस्थानासाठी ओळखले जाणारे गाव कोल्हापूरच्या, गोव्याच्या आणि रत्नागिरीच्या वाटा जिथे फुटतात तिथे वसले असून, येथून निघालेला प्रवासी हातखंब्याला पश्चिमेकडे वळला की सुमारे वीस किलोमीटरचा रस्ता संपता संपता समुद्रकाठच्या शहरात पोहोचतो. आज अर्ध्या-पाऊण तासात होणारा हा प्रवास १८८६ साली तितका सोपा नव्हता. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला समुद्र, पावसाळ्यात बंद पडणाऱ्या आगबोटी आणि रेल्वेचा पत्ता नाही (कोकण रेल्वे येथे यायला विसाव्या शतकाचे शेवटचे दशक उजाडावे लागले) अशी रत्नागिरीची स्थिती होती. आणि पदच्युत राजाला जगापासून दूर ठेवण्यासाठी इंग्रज सरकारला नेमकी अशीच जागा हवी होती.

तो राजा म्हणजे ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा थिबा. १७५२ साली सुरू झालेल्या कोनबाँग घराण्यातील मिंडॉन राजाचा हा मुलगा १८५९ मध्ये मंडाले येथे जन्मला. ‘थिबा’ हे मुळात एका शान संस्थानाचे नाव असून, राजपुत्रांना नेमून दिलेल्या प्रांतावरून ओळखण्याच्या तिथल्या रिवाजाने ते त्याला चिकटले. तरुणपणी त्याने बौद्ध मठात राहून पाली भाषेतील धर्मग्रंथांचा अभ्यास केला आणि त्यातील परीक्षाही दिली. प्रवास ज्या गावाहून सुरू होतो त्याच्याशी या भाषेचे केवळ नामसाम्य आहे, परंतु राजाचा पिंड ग्रंथ वाचणाऱ्याचा होता, एवढे मात्र या तपशिलावरून ध्यानात राहते.

१८७८ मध्ये तो गादीवर आला आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारीत, गादीवर हक्क सांगू शकतील अशा सुमारे ऐंशी नातलगांची राजवाड्यात हत्या झाली. या कृत्यामागे राणी सुपयालत आणि तिची आई यांचा हात होता असे सांगितले जाते, आणि इंग्रजी वृत्तपत्रांनी सारा दोष राणीच्या माथी मारला; पण ज्याच्या नावाने राज्य चालत होते त्या राजाला या रक्तातून मोकळे करता येत नाही. त्याच्या वनवासाबद्दल वाटणाऱ्या सहानुभूतीत ही गोष्ट विसरली जाऊ नये. राज्य गेले ते मात्र वेगळ्या कारणाने. सागवानाचा व्यापार करणाऱ्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीला ‘लुट्टॉ’ने, म्हणजे ब्रह्मी मंत्रिमंडळाने, मोठा दंड ठोठावला, त्याचे निमित्त करून इंग्रजांनी नोव्हेंबर १८८५ मध्ये चढाई केली, आणि दोन-तीन आठवड्यांच्या आत मंडाले पडले. हद्दपारीच्या वेळी राजा सव्वीस वर्षांचा होता आणि राणी गरोदर होती. तिसरी राजकन्या मद्रासच्या मुक्कामात मार्च १८८६ मध्ये जन्मली, आणि एप्रिलमध्ये हे कुटुंब रत्नागिरीला उतरले. चौथी मुलगी पुढच्या वर्षी रत्नागिरीतच झाली. प्रशांत महासागरातील हवाई बेटांची राणी लिलिउओकलानी १८९३ मध्ये पदच्युत झाली, पण तिला निदान स्वतःच्या वाड्यात, स्वतःच्या माणसांत कैद भोगता आली. थिबाला आपला देश पुन्हा दिसला नाही.

शहरातील थिबा राजवाडा पाहताना हे लक्षात ठेवावे लागते की ही देखणी, तीन मजली, उतरत्या छपरांची वास्तू १९१० मध्ये पूर्ण झाली, म्हणजे राजाने त्यापूर्वीची चोवीस वर्षे इतर बंगल्यांत काढली आणि या वाड्यात तो जेमतेम सहा वर्षे राहिला. भिंतींना कोकणी जांभा, खिडक्यांना कोरीव लाकडाच्या अर्धगोल कमानी, आणि काचांतून आत उतरणारा उजेड; थोडे पुढे ‘थिबा पॉइंट’वर उभे राहिले की खाली काजळी नदीची भाट्ये खाडी आणि तिच्यापलीकडे समुद्र दिसतो. विशेष म्हणजे राजा या वाड्यात राहायला आला तेव्हा रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक (१८५६–१९२०) राजाच्याच मंडालेत तुरुंगवास भोगत होते.

परंतु या घराण्याची खरी शोकांतिका राजापेक्षा त्याच्या मुलींच्या वाट्याला आली. राजरक्ताखेरीज वर नको हा राजाचा आग्रह आणि वर येण्याचे सर्व मार्ग सरकारच्या हाती, या कोंडीत राजाच्या हयातीत चौघी अविवाहित राहिल्या. राजाच्या निधनानंतर, १९१७ मध्ये, दुसऱ्या मुलीने घर सोडून राजाच्या जुन्या चिटणिसाशी लग्न केले. थोरली, म्यात फया जी (ब्रह्मी भाषेत ‘जी’ म्हणजे थोरली, ‘लत’ म्हणजे मधली), हिला वाड्यातील नोकर गोपाळ सावंत यांच्यापासून १९०६ मध्ये मुलगी झाली, तिचे नाव टूटू. १९१९ मध्ये कुटुंब रंगूनला परतले, पण थोरली राजकन्या पुढे रत्नागिरीला परत आली आणि १९४७ मध्ये हलाखीत येथेच वारली. तिच्या लेकीने मराठी माणसाशी संसार केला, मराठी हीच तिची भाषा झाली.

वाडा पाहून बहुतेक प्रवासी परत फिरतात. शिवाजीनगरातील थडग्यापर्यंत थोडेच जातात. डिसेंबर १९१६ मध्ये वारलेल्या राजाची आणि १९१२ मध्ये गेलेल्या धाकट्या राणीची, सुपयागलेची, शवपेटी मंडालेला नेऊ द्यावी म्हणून सुपयालतने दफन अडवून धरले, तरी १९१९ मध्ये सरकारने दोन्ही पेट्या येथेच पुरल्या. सुपयालतचे थडगे रंगूनला आहे. म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन २०१२ मध्ये राजाच्या थडग्यापाशी येऊन गेले. त्याच्या बारा वर्षे आधी, २००० साली, राजाची नात टूटू पवार रत्नागिरीतच वारली होती.